कूलर गार करत नाही? आधी टाकीत काडी बुडवून पाहा

"भाऊ, हवा तर लय फेकते, पन गारच नाही लागत."

अकोल्यात एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. अठरा उन्हाळे कूलरचीच कामं करतोय. ज्या घरी जातो तिथे माणसाने मनाशी ठरवून टाकलेलं असतं की मोटर गेली, नाहीतर आता नवीनच घ्यावा लागणार. मोटर गेलेली क्वचितच निघते. बहुतेक वेळा मी एक खिडकी उघडतो, किंवा पंपाच्या नळीतला गवताचा बोळा काढतो, आणि मग पैसे काय मागावेत हाच प्रश्न पडतो. म्हणून हे एकदा लिहून काढतोय. लोखंडी डेझर्ट कूलर असो की प्लॅस्टिकचा कंपनीचा. घर असो, सलून असो की मेस, तपासायचा क्रम एकच.

लक्षणं

तुमचा कूलर यांपैकी कशात बसतो ते आधी ओळखा.

- हवा जोरात येते, पण कोरडी आणि कोमट.
- पहिला अर्धा तास छान, मग चिकचिक. चादर ओलसर लागते, मीठ पाणी धरतं, फरशीवर पाय चिकटतो.
- एका बाजूने गार झुळूक, दुसऱ्या बाजूने गरम झळ.
- जाळीसमोर बसलं की गार, दोन पावलं सरकलं की भट्टी.
- हवाच कमी. पंखा रेंगाळतो, किंवा नुसता 'हूंऽऽ' करतो.
- कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काही करू नका. बोर्डावरचं बटण बंद करा, मग प्लग काढा, आणि थेट शेवटच्या भागातला शॉकबद्दलचा मजकूर वाचा.

काडीची चाचणी

कूलर बर्फ तयार करत नाही आणि त्यात गॅसही नसतो. ताटीतून, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या किंवा पुठ्ठ्याच्या भिजणाऱ्या पडद्यातून, जाणाऱ्या गरम, कोरड्या हवेत पाणी उडून जातं, आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की साधारण दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता हवेतून कमी होते. म्हणजे तासाला ८ लिटर उडवणारा साधा कूलर दीड टनाच्या एसीच्या तोडीचा गारवा तयार करतो, आणि वीज खातो दीडदोनशे वॉट. तेवढा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला सव्वा-दीड युनिट ओढतो. अर्थात एसी तीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो आणि कूलरची हवा एकदा वापरून बाहेर जाते, त्यामुळे खोलीत दोन्हींचा अनुभव सारखा नसतो. पण मुद्दा असा, की गारवा म्हणजे उडालेलं पाणी. पाणी उडत नसेल तर बाकी सगळा नुसता पंखा.

हे मोजता येतं. ताट्या पूर्ण भिजल्या की पंधरा मिनिटांनी प्लग काढून टाकीत कोरडी तुराटी किंवा मुलाची शाळेतली पट्टी बुडवा आणि खूण करा. भरणारा नळ बंद ठेवा. तासभर कूलर चालवून पुन्हा प्लग काढा आणि मोजा. २ फूट बाय २ फूट टाकीत भर दुपारी पाणी बोटाचं एक पेर, म्हणजे अडीच-तीन सेंटीमीटर उतरायला हवं. ते साधारण १० लिटर झाले.

पाणी जेमतेम उतरलं, तर ताटी भिजत नाही, हवा कमी आहे किंवा हवा आधीच दमट आहे. खोली बंद असेल तर हेच होतं. पाणी नीट उतरलं आणि जाळीसमोर हवा गार आहे, तरी खोली गरम, तर कूलर ठीक आहे. खोली मोठी आहे किंवा वरचे पत्रे तापलेत. पाणी भराभर उतरलं आणि हवा मात्र कोमट, तर टाकी गळतेय किंवा ताटीतून पाणी बाहेर पडतंय. कूलरखाली ओल दिसेलच.

आता एकेक तपासू. प्रत्येक वेळी कूलरच्या आत हात घालण्याआधी प्लग बाहेर. बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं मी कितीदा पाहिलंय. बटण बंद असलं तरी वायरीत करंट उभाच असतो.

१. हवेला बाहेर जायला वाट आहे का?

खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात.

कूलर तासभर चालला की त्या खोलीत १० लिटर पाणी वाफ होऊन आलेलं असतं. ते जाणार कुठे? दारंखिडक्या लावून बसलात तर हवा पाण्याने गच्च होते, ताटीतलं पाणी उडायचं थांबतं, आणि वरून घामही वाळत नाही. पहिला अर्धा तास छान आणि मग चिकचिक, याचं कारण हेच. लोकांना वाटतं गार हवा बाहेर चाललीय, वाया चाललीय. एसीचं शहाणपण कूलरला लावलं की असं होतं.

कॉलेजजवळच्या एका मेसमध्ये मी गेलो होतो. पंचवीस-तीस पोरं जेवायची. मेसवाल्या काकूंनी आधी एक कूलर लावला, मग गार लागेना म्हणून दुसरा. दुसऱ्यानंतर तर पोरं ताटं घेऊन ओट्यावर बसायला लागली. दोन्ही कूलर उत्तम होते. मागचं दार मात्र मांजर येते म्हणून कायम लावलेलं. दाराच्या जागी जाळीचं दार बसवलं आणि दुसरा कूलर काकूंनी विकून टाकला.

वाट केवढी ठेवायची? मिनिटाला २००० घनफूट हवा फेकणाऱ्या कूलरला चारेक चौरस फूट उघडी जागा लागते, म्हणजे खिडकीचं एक झाप पूर्ण उघडं. ती कूलरच्या समोरच्या भिंतीत हवी. कूलरशेजारचीच खिडकी उघडलीत तर गार हवा वळसा घेऊन तिथूनच निघून जाते आणि पलंगापर्यंत पोचत नाही. बरोबर जमलंय का हे पाहायला उघड्या खिडकीपाशी रुमाल धरा. तो बाहेरच्या बाजूला हलला पाहिजे.

काचेचं दार लावून बसणारे सलूनवाले आणि मोबाइलची दुकानं यांना माझं सांगणं एवढंच, की काच हवी असेल तर वर भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवा. आणि एसी चालू असलेल्या खोलीत कूलर कधीच लावू नका. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी काढत बसतो, आणि मीटर दोघांचं मिळून पळतं.

२. कूलर उभा कुठे आहे?

कूलरची पाठ बाहेर आणि तोंड आत हवं. खोलीच्या आत ठेवलेला कूलर खोलीतलीच ओली हवा पुन्हा ओढतो. प्लॅस्टिकच्या चाकांच्या कूलरचं हेच दुखणं: शोरूममधून येतो आणि टीव्हीशेजारी ठेवला जातो. चाकं आहेत ना, मग ढकला खिडकीपाशी, पाठ खिडकीला लावून.

बाहेर टांगलेल्या कूलरवर पश्चिमेचं ऊन येत असेल तर वर हिरवी जाळी किंवा तट्ट्या टाका. ताटीपासून दोन फूट तरी लांब, नाहीतर हवा अडते. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कूलरची मागची ताटी कामातून गेलेली असते. मागे दीड फूट मोकळं सोडा.

३. पाणी

तळाशी पाणी कमी असेल तर पंप हवा ओढतो, ताटीवर धार तुटक पडते आणि शेवटी पंप कोरडा चालून जळतो.

बर्फाचं एकदा बोलूनच टाकतो, कारण दर मे महिन्यात कोणीतरी लादी आणून टाकीत टाकतो. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी उडताना घेतं. बर्फाने दहा मिनिटं सुख होतं. ताटी नीट भिजली तर दिवसभर होतं. लादीचे पैसे नवीन ताटीसाठी ठेवा.

पाणी साचवून मात्र ठेवू नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पिल्लं उडायला लागतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासा. अंडी कडेलाच चिकटलेली असतात. वास येत असेल तर तोही बहुधा यानेच जातो.

४. ताटी सगळीकडे ओली आहे का?

पंप दहा मिनिटं चालू ठेवा, पंखा बंद. मग प्लग काढून तिन्ही ताट्यांवर बाहेरून वरपासून खालपर्यंत तळहात फिरवा. कोरडा पट्टा सापडला की दोष सापडला. कोरड्या जागेतून हवा आडकाठीशिवाय आत घुसते, कारण तिथे अडवायला पाणीच नसतं. म्हणून एक चतुर्थांश ताटी कोरडी असली तर गारवा त्याहून जास्त घटतो. एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम, त्याचं कारण हे.

कोरडा पट्टा पडण्याची कारणं सोप्यापासून बघा. ताटीच्या वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात. सायकलच्या तारेने किंवा सुईने मोकळी करा. कूलर एका अंगाला कललेला असला तर पाणी त्याच बाजूला धावतं. खाली लाकडाची चिपटी सरकवा. नळी दुमडलेली असते किंवा पंपावरून निसटलेली असते. शेवटी पंप. टिल्लू पंपाची जाळी काढली की आत गवताचा बोळा, केस, कधी मेलेलं झुरळ निघतं. साफ करून, पाण्यात पूर्ण बुडवून लावा. तरी धार येत नसेल तर पंप बदला. हा भाग स्वस्त असतो, दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. नवीन घेताना वायर अखंड घ्या; टाकीच्या आत जोड देऊन टेप गुंडाळलेली वायर म्हणजे शॉकला आमंत्रण.

आणि सवय लावून घ्या: आधी पंप, दहा मिनिटांनी पंखा. दोन्ही एकदम लावले की कोरड्या ताटीवरची धूळ थेट खोलीत येते.

५. ताटी जिवंत आहे का?

गवताची ताटी एका उन्हाळ्याची. दुसऱ्या वर्षी ती खाली बसते, वर चार बोटं फट पडते आणि हवा त्याच फटीतून शिरते. नवी भरताना गवत दाबून ठासू नका. उजेडासमोर धरली तर बारीक बारीक उजेड दिसला पाहिजे. वाळ्याची ताटी सुगंधाला चांगली, पण ती विरळ भरलेली असते. वाळा आणि गवत एकत्र भरून घेतलं तर वासही मिळतो आणि गारवाही.

मधाच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची हनीकॉम्ब ताटी तीन-चार हंगाम टिकते, पण पाणी बरं असेल तर. आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या त्या गावांना हे वेगळं सांगायला नको. पाणी उडतं, क्षार उडत नाही. लिटरमागे १ ग्रॅम क्षार धरा आणि दिवसाला १०० लिटर पाणी उडालं धरा; रोज १०० ग्रॅम क्षार मागे उरतो. तो ताटीवर पांढरा थर होऊन बसतो, पोळ्याची भोकं बुजवतो आणि पुठ्ठ्याला पाणी पिऊ देत नाही. ताटी ओली दिसते, पण हवा तिच्यातून जातच नाही.

उपाय दोन. एक, टाकीत फक्त भर घालत राहू नका. दोन-तीन दिवसांनी उरलेलं खारं पाणी सोडून द्या. ते झाडांना घालू नका, घर पुसायला वापरा. दोन, महिन्यातून एकदा ताटी बाहेर काढून लिंबूसताच्या पाण्यात, बादलीला दोन मूठ, तासभर बुडवा आणि साध्या पाण्याने हळू धुवा. ब्रशने घासाल तर पुठ्ठा सोलून निघेल. फरशी धुवायचं ॲसिड तर अजिबात नको. पुठ्ठा आणि पत्रा दोन्ही खातं. काढताना खडूने बाहेरच्या बाजूला वर जाणारा बाण काढून ठेवा. हनीकॉम्बला सुलटी-उलटी बाजू असते. उलटी बसली तर पाण्याचे थेंब खोलीत उडतात.

६. कूलरचा दोष की हवामानाचा?

थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरलं तर जो आकडा येतो, त्याच्या खाली कूलर कधीही जाऊ शकत नाही. मे महिन्यात दुपारी ४४ अंश आणि हवेत ओल १५ टक्के असेल तर तो आकडा २३ च्या आसपास येतो. चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. मुंबईत ३४ अंश आणि ओल ६५ टक्के असेल, तर तो आकडाच २८ च्या वर. माझ्या साळ्याने इथून कूलर डोंबिवलीला नेला, आठवड्यात फोन आला, "भाऊजी, हा बिघडला." बिघडला नव्हता. कोकणात, गोव्यात तो चालणारच नाही. पुण्या-नाशकात एप्रिल-मेमध्ये चालतो.

आपल्याकडेही पहिला पाऊस पडला की पंप बंद करा आणि नुसता पंखा चालवा. जून संपताना येणाऱ्या तक्रारींना माझं एवढंच उत्तर असतं, आणि त्याचे मी पैसे घेत नाही.

७. पंखा हळू फिरतो

संध्याकाळी सातनंतरच हळू होत असेल, तर आधी शेजाऱ्यांना विचारा. सगळी वस्ती एकदम कूलर लावते आणि व्होल्टेज २३० वरून १८० पर्यंत उतरतं. त्यात कूलरचा दोष नाही; वीज कंपनीकडे तक्रार करा.

दिवसभरच हळू असेल तर प्लग काढून पात हाताने फिरवा. सहज फिरत असेल, तरीही चालू केल्यावर नुसता गुणगुणत असेल, तर बहुधा कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा डबा, गेलाय. चहा-नाश्त्याच्या पैशांत येतो. जुन्यावर लिहिलेला आकडाच घ्या. मोठा लावला की पंखा जोरात पळेल हे खोटं, त्याने मोटर तापते. वायरिंगची सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पात अडखळत असेल तर बुश झिजलाय किंवा शाफ्ट गंजलाय. दोन थेंब शिलाई मशीनचं तेल घालून पाहा. त्याने सुटलं नाही तर हात थांबवा. पात्यांवर धुळीचा थर असेल तर तोही काढा, त्याने हवा चांगलीच कमी होते.

इथे थांबा, माणूस बोलवा

शॉक. लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय. दर उन्हाळ्यात आमच्याकडच्या पेपरात याची बातमी येते, आणि जाणारं माणूस बहुतेक पाणी भरायला गेलेलं असतं. झिणझिण्या आल्या की "थोडासा येतो, चालतंय" म्हणू नका. कूलर बंद, प्लग बाहेर, पोरांना लांब ठेवा. इलेक्ट्रिशियनकडून तीन गोष्टी तपासून घ्या: तीन पिनांचा प्लग आणि खरीखुरी अर्थिंग, पंपाची वायर, मोटरचं इन्सुलेशन. आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. विजेची गळती झाली की तो स्वतः वीज तोडतो. या यादीत पैसे वाचवू नका.

जळका वास, धूर, मोटरला हात लावता येणार नाही इतका ताप, किंवा चालू करताच फ्यूज उडणं: हे सगळं बहुधा वाइंडिंगचं, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यांचं. घरी उघडू नका.

मोटर रिवाइंड करून आली की कारागीर घरातून जायच्या आत एक काम करा. कूलर चालू करून मागच्या ताटीवर बाहेरून वहीचा एक कागद धरा. कागद ताटीला चिकटला पाहिजे. उडून लांब गेला तर वाइंडिंगच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्यात आणि पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतोय. त्याच्यासमोर सांगितलंत तर पाच मिनिटांत दोन टोकं बदलून मिळतात. तो गेल्यावर कळलं, तर मे महिन्यात त्याचा पुढचा फेरा तीन दिवसांनी.